यकृतातला ‘क्ष’



घरात कुणाचे डोळे पिवळे झाले, की आपण काय करतो? कुणी काविळीची माळ आणतो, कुणी चुन्याच्या पाण्यात हात धुवून कावीळ ‘उतरवून’ घेतो. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुधा आपोआपच बरी होते आणि श्रेय माळेला जाते! परंतु रक्तावाटे पसरणाऱ्या हिपॅटायटीस-बीची गोष्ट निराळी. तिच्यात पुष्कळदा डोळे पिवळे होतच नाहीत; विषाणू मात्र यकृतात वर्षानुवर्षे मुक्काम ठोकतो. तो तेथे काय करतो, हे कळायला शंभरांहून अधिक वर्षे लागली.

सन १८८३ मध्ये जर्मनीतील ब्रेमेन येथे जहाजाच्या कारखान्यातील १,२८९ कामगारांना देवीची लस टोचली. ती मानवी शरीरातील द्रवापासून केलेली होती. पुढील काही महिन्यांत त्यांपैकी १९१ जणांना कावीळ झाली. दुसरी लस टोचलेले कामगार वाचले. लुर्मान नावाच्या डॉक्टरांनी ही नोंद १८८५ साली केली, पण गुन्हेगार सापडला नाही.

तो सापडला, तोही भलत्याच शोधात. अमेरिकेतील डॉ. बारूख ब्लुमबर्ग हे माणसामाणसांच्या रक्तातील आनुवंशिक फरक तपासत होते. १९६३ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील एका आदिवासीच्या रक्तात त्यांना एक अनोळखी प्रथिन आढळले. त्याला ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ म्हटले गेले. ते या विषाणूचे बाह्य आवरण होते, हे पुढे उघड झाले. १९७६ साली ब्लुमबर्ग यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता तैवानकडे वळू. तेथे डॉ. बीसली यांनी २२,७०७ पुरुषांवर काही वर्षे लक्ष ठेवले. त्यांतील ३,४५४ जणांच्या रक्तात हा विषाणू होता. १९८१ साली हिशेब मांडला, तेव्हा यकृताचा कर्करोग झालेल्या ४१ जणांपैकी ४० या ३,४५४ मधले निघाले! योगायोग म्हणायला जागाच उरली नाही.

पण हे घडते कसे? या विषाणूची जनुकीय पोथी अवघी ३,२०० अक्षरांची. आपली सुमारे तीनशे कोटींची. तिच्यात जनुके चारच. तिघांचे काम उमगले. चौथ्याचे उमगेना, म्हणून शास्त्रज्ञांनी त्याला ‘एक्स’ म्हटले. विद्यार्थी मित्रहो, तुमच्या बीजगणितातला ‘क्ष’च म्हणा ना!

पेशीत निरुपयोगी प्रथिनांवर खूण करून ती मोडीत काढणारी एक यंत्रणा असते. ‘डीडीबी-१’ हे तिच्यातले एक प्रथिन. ‘क्ष’ त्यालाच जाऊन चिकटतो आणि नको त्याच्यावर खूण करवून घेतो. कुणावर, हे जिनिव्हाच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवले. ‘एसएमसी-५/६’ नावाचा प्रथिनांचा संच परक्या, वर्तुळाकार डीएनएला गप्प बसवतो. पंचांच्याच सहीने गावच्या राखणदाराला हद्दपार करावे, तसा ‘क्ष’ या संचाला मोडीत काढवतो. मग विषाणूचा कारभार बिनबोभाट चालतो. हाच संच आपल्या गुणसूत्रांच्या दुरुस्तीतही हातभार लावतो, हे विशेष.

‘पी-५३’ या प्रथिनाचा शोध १९७९ चा. डीएनए बिघडलेल्या पेशीला ते पुढे वाढू देत नाही. ‘क्ष’ त्यालाही जखडतो, असे १९९४ साली प्रयोगशाळेत दिसून आले. शिवाय शरीराची संरक्षक शक्ती बाधित पेशी मारत राहते, नव्या तयार होतात, आणि या धांदलीत चुका साचत जातात. विषाणूचे तुकडे आपल्या डीएनएत जाऊन बसतात ते वेगळेच.

पालकांनी वय ध्यानात घ्यावे. प्रौढाला लागण झाली, तर शंभरांत पाचांपेक्षा कमी जणांत विषाणू कायमचा राहतो; आईकडून नवजात बाळाला झाली, तर नव्वदपर्यंत बाळांत. आणि हो, एका थाळ्यात जेवल्याने हा रोग पसरत नाही. तेव्हा घरातल्या बाधित सुनेचे ताट वेगळे करण्याचे काहीच कारण नाही.

तैवानने १९८४ साली नवजात बालकांना लस देणे सुरू केले. तेथील ६ ते १४ वर्षांच्या मुलांतील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण दर लाखात ०.७० होते, ते १९९०-९४ पर्यंत ०.३६ वर आले. आपल्याकडे १९९७ साली हैदराबादेत देशी लस तयार झाली आणि २०११ पासून ती सरकारी लसीकरणात देशभर आली. पहिला डोस जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यायचा असतो, म्हणजे ‘क्ष’ यकृतात पाऊल टाकण्यापूर्वीच.