जिभेचा नफा

श्लेष म्हटला म्हणजे आम्हांस पंडित कवींची आठवण होते. तो विद्वानांच्या घरचा अलंकार, अशीच आमची समजूत. परंतु दक्षिण चीनमधील कँटन, हाँगकाँग व मकाव येथील बोली पाहिली म्हणजे हाच श्लेष बाजारांत तागडीशेजारीं बसलेला दिसतो.

कँटनी भाषेंत पुष्कळ पदें एकाक्षरी आणि उच्चाराचे चढउतार अवघे सहा. त्यामुळें एका ध्वनीचे अनेक अर्थ पदोपदीं भेटतात. ‘सित’ म्हणजे जीभ आणि ‘सित’ म्हणजे तोटाही. खाटकाच्या दुकानीं तोटा कोणीं मागावा? म्हणून डुकराच्या जिभेस ‘लेइ’ म्हणूं लागले; हा उच्चार नफ्याचा. यकृताचें नांव ‘कोरडें’ या शब्दासारखें वाजतें, आणि पैशास तेथें पाणी म्हणतात. तेव्हां यकृतास ‘ओलें’ हें नांव मिळालें. पंचांगाच्या नांवांतील ‘ग्रंथ’ हा शब्द ‘हरणें’ यासारखा ऐकूं येई; तो काढून तेथें ‘जय’ घातला. रिकामें घर म्हणतांना अशुभ घर ऐकूं येतें, म्हणून भाड्याच्या पाटीवर ‘शुभ घर’ असें लिहितात.

ही रीत केवळ कँटनची नव्हे. पंधराव्या शतकांतील लू रुंग या ग्रंथकारानें लिहून ठेविलें आहे कीं, यांगत्सेच्या मुखाकडील नावाडी जेवणाच्या काड्यांचें जुनें नांव टाळीत, कारण त्यांत ‘थांबणें’ ऐकूं येई. ते त्यांस ‘जलद’ म्हणत. पुढें तेंच नांव चीनभर रूढ झालें. भय नावाड्यांचें, शब्द सर्वांचा.

आमच्याकडेही बांगडी फुटली असें न म्हणतां वाढवली म्हणतात. परंतु आम्हांस भय अर्थाचें, त्यांस नुसत्या ध्वनीचें. म्हणूनच त्यांचा श्लेष बोलीबरोबरच जगतो. नववर्षाच्या जेवणांत सुकीं कालवें असतात, कारण त्यांचें नांव ‘शुभ गोष्ट’ यासारखें वाजतें. उत्तरेकडील राजभाषेंत हा मेळ जुळत नाहीं, आणि जीभ व तोटा हेही तेथें वेगळे पडतात. जुलै २०१० मध्यें कँटनच्या दूरचित्रवाणीनें मुख्य कार्यक्रम राजभाषेंत द्यावे अशी सूचना निघाली, तेव्हां लोक निषेधार्थ रस्त्यावर उतरले, याचें आम्हांस नवल वाटत नाहीं.

शब्दांचे अर्थ कोशांत राहतील. पण गिऱ्हाइकानें ‘नफा’ मागावा आणि खाटकानें जीभ तोलून द्यावी, हा व्यवहार त्या बोलीवांचून चालावयाचा नाहीं. ती जीभ गेली, तर तो तोटा झांकावयास दुसरा शब्द सांपडणार नाहीं.