आजीच्या गालावरची सावली

माझ्या आजीचा, म्हणजे आईच्या आईचा, एकच फोटो आहे. नांदेडच्या एका स्टुडिओत काढलेला, पोस्टकार्डाएवढा, कडा पिवळ्या पडलेला. ताठ बसलेली आजी, मागे पडद्यावर रंगवलेला जिना आणि उजव्या गालावर दाट सावली.

लातूरला असताना आम्ही पाच-सहा हौशी मंडळी महिन्यातून एकदा संध्याकाळी जमायचो आणि एकमेकांचे फोटो यथेच्छ सोलून काढायचो. एकदा मी हा फोटो ठेवला. निकाल लगेच लागला: दिवा एकच, तोही फार बाजूला, सावलीकडे साधा पांढरा कपडासुद्धा धरलेला नाही. मलाही पटलं. घरी येऊन कॉम्प्युटरवर तो गाल उजळला, गुळगुळीत केला, मोठी प्रिंट काढली आणि आईला दिली.

आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ही माझी माय नाही रे."

असो. त्या निमित्तानं थोडं वाचन झालं. असं जमून फोटोंवर बोलण्याची रीत आपल्याकडे बरीच जुनी. फोटोग्राफीची कला जगापुढे आली १८३९ साली आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली सुद्धा! साहेबांच्या बरोबरीनं डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही तिचे सभासद होते.

आपला मराठवाडा मात्र १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. त्यामुळे आपल्या फोटोंची राजधानी मुंबई नव्हे, हैदराबाद. तिथे राजा दीनदयाळ (१८४४-१९०५) सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार होते. पडद्यातल्या स्त्रियांसाठी त्यांनी १८९२ मध्ये वेगळा जनाना स्टुडिओ काढला आणि तिथे फोटो काढायला एक इंग्रज बाई नेमली. कॅमेऱ्यासमोर बसणाऱ्या बाईचा संकोच धंद्याच्या हिशेबात धरला गेला होता तर!

विजेचे दिवे येण्याआधी स्टुडिओला उत्तरेकडून काचेचं छप्पर किंवा मोठी खिडकी असे. आपल्याकडे सूर्य वर्षातला बराच काळ दक्षिणेकडे कललेला, म्हणून उत्तरेचा उजेड मऊ आणि एकसारखा मिळतो. पडदे ओढून तो हवा तिकडे वळवायचा. काचा संथ, म्हणून माणसानं काही सेकंद हलायचं नाही. मानेला मागून आधार लावत. पुढे निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून सुरकुत्या घालवत. म्हणजे मी कॉम्प्युटरवर केलं ते काही नवं नव्हतं.

मग आईला काय खटकलं? चार दिवसांनी तिनंच सांगितलं. आजीच्या उजव्या गालावर चुलीत भाजल्याचा मोठा डाग होता. फोटोवाल्यानं तो पाहिला आणि काही न बोलता दिवा उचलून पलीकडे नेला. आजी हे आयुष्यभर सांगायची. मी सावली पुसली आणि तिथे कधीच नसलेला गाल आणून बसवला.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात घरं कोसळली, तेव्हा माणसांबरोबर भिंतीवरचे फोटोही ढिगाऱ्यात गेले. कितीतरी घरांत नंतर चेहरा आठवायला काहीच उरलं नसेल. आमच्याकडे निदान एक आहे.

मूळ फोटो पुन्हा, जसाच्या तसा, छापून घेतला. पुढच्या बैठकीला तो परत नेला आणि आधी ही हकीकत सांगितली. त्या दिवशी कुणी दिव्याबद्दल बोललं नाही.