पर्स्वेड केले, पण ऐकले नाही

उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तपासताना दर वर्षी एक वाक्य हमखास भेटते : 'आय पर्स्वेडेड हिम मेनी टाइम्स, बट ही डिड नॉट अग्री.' त्याखाली लाल रेघ ओढून मी आजवर अर्धा गुण कापत आलो. कारण वर्गात अनेकदा सांगितलेले असते. इंग्रजीत 'पर्स्वेड' म्हटले की समोरच्याने ऐकले, हे त्या क्रियापदातच आले. ऐकले नसेल, तर 'पर्स्वेड' करण्याचा प्रयत्न केला असे म्हणावे.

विद्यार्थी कुठे अडखळतो हेही उघड आहे. त्याच्या मनात 'समजावले' हे मराठी क्रियापद असते, आणि समजावणे हे फळाची हमी देत नाही. मनधरणी करणे, गळ घालणे, विनवणे, आर्जव करणे या सगळ्यांत कर्त्याचे श्रम आहेत. निकाल पुढच्या वाक्यावर सोडलेला आहे. 'त्याला खूप समजावले, पण त्याला पटले नाही' हे वाक्य आपण दिवसातून एकदा तरी बोलत असू. याउलट मन वळवणे, गळी उतरवणे, भरीस पाडणे ही क्रियापदे काम तडीस गेल्यावरच वापरावीत अशी आहेत. 'पटणे' तर जुन्या व्यवहारात हुंडीच्या बाबतीतही वापरत. हुंडी पटली म्हणजे पैसे हाती आले. इंग्रजीत अशी वाटणी नाही का? आहे. 'अर्ज' हे क्रियापद केवळ रेटा सांगते, यश सांगत नाही. 'पर्स्वेड' यश सांगते. व्याकरणाची पुस्तके इथपर्यंत आणून सोडतात.

माझा अर्धा गुण अडचणीत आला तो 'मर्चंट ऑफ व्हेनिस' शिकवताना. तिसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात सॅलेरिओ बेलमॉन्टला येऊन शायलॉकच्या हट्टाची हकिकत सांगतो. वीस व्यापाऱ्यांनी, खुद्द ड्यूकने आणि नगरातल्या बड्या सरदारांनी शायलॉकची समजूत घातली, पण तो आपल्या मागणीपासून तसूभर हटला नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. आणि 'समजूत घातली' या जागी शेक्सपिअरचे क्रियापद आहे 'पर्स्वेड'. तेही 'विथ' हे अव्यय जोडून. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याचेच वाक्य! सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या इंग्रजीत 'पर्स्वेड' दोन्हीकडे चाले : यशस्वी मनवळवणीलाही आणि फुकट गेलेल्या आर्जवालाही. यातला दुसरा अर्थ पुढे मागे पडत गेला. आज आपण ज्याला चूक म्हणतो, तो त्या भाषेने एके काळी नांदवलेला प्रयोग होता.

या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये आहे. तिथे 'सुआदेरे' म्हणजे सल्ला देणे, आग्रह करणे. त्याला 'पेर' हा उपसर्ग लागला की काम शेवटास गेल्याची छटा येते. इंग्रजीने उपसर्गासकट शब्द घेतला आणि साध्या क्रियापदाला घरात फारसा थारा दिला नाही. त्यामुळे दोन शब्दांचे काम एकाच शब्दाच्या गळ्यात पडले. 'सुआदेरे'चे नाते लॅटिनमधल्या 'सुआविस' म्हणजे मधुर या विशेषणाशी आहे, आणि त्या धातूची दूरची भावंडे म्हणजे इंग्रजीतले 'स्वीट' आणि आपले 'स्वादु'. एखादी गोष्ट दुसऱ्याला गोड करून देणे, हा या शब्दाच्या मुळाशी असलेला भाव.

'कन्व्हिन्स'चे कुळ अगदी निराळे. 'विन्केरे' म्हणजे जिंकणे, 'व्हिक्टरी' त्यातलाच. 'कन्व्हिन्स' आणि 'कन्व्हिक्ट' हे सख्खे भाऊ आहेत. मॅकबेथची पत्नी ज्या प्रवेशात राजाच्या दोघा शयनरक्षकांना मद्य पाजून निपचित पाडण्याचा बेत सांगते, तिथे तिच्या तोंडी 'कन्व्हिन्स' हेच क्रियापद आहे. त्यात कुणाची खात्री पटवायची नाही. सरळ चीत करायचे आहे. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात येशू विरोधकांना विचारतो, की माझ्यावर पाप कोण शाबीत करू शकतो? तिथेही 'कन्व्हिन्स' आहे. १८८१ च्या सुधारित भाषांतरात ते बदलून 'कन्व्हिक्ट' करावे लागले, कारण मधल्या काळात शब्दाचा अर्थ सरकला होता. हरवणे, मग दोषी ठरवणे, मग वादात निरुत्तर करणे आणि शेवटी खात्री पटवणे, असा हा प्रवास. जिंकणारा हळूहळू दिसेनासा झाला आणि जिंकलेला मनुष्य 'माझी खात्री पटली' असे स्वतःच म्हणू लागला.

त्याच १६११ च्या भाषांतरात 'पर्स्वेड'चीही एक प्रसिद्ध जागा आहे. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात बेड्यांत असलेला पौल आपली बाजू मांडतो आणि राजा अग्रिप्पा त्याला उत्तर देतो. इंग्रजी भाषांतरातला अग्रिप्पा म्हणतो, की तू मला ख्रिस्ती व्हायला जवळजवळ राजी केलेस. मूळ ग्रीक क्रियापद वर्तमानकाळी आहे आणि ग्रीकमध्ये तसा वर्तमानकाळ नुसता प्रयत्नही दाखवू शकतो. पुष्कळ आधुनिक भाषांतरकार तिथे राजाचा टोमणा ऐकतात : एवढ्यात मला ख्रिस्ती करायला निघालास? उंबरठ्यावरचा श्रोता आणि थट्टा करणारा राजा यांच्यातले अंतर एका क्रियापदाच्या अर्थावर उभे आहे. जॉन वेस्लीने १७४१ साली ऑक्सफर्डमध्ये 'जवळजवळ ख्रिस्ती' असलेल्या माणसावर प्रवचन दिले, तेही याच वचनाच्या आधाराने. क्रियापद प्रयत्नाचे की यशाचे, हा प्रश्न केवळ व्याकरणाचा राहत नाही तो असा.

लॉकच्या धर्मसहिष्णुतेवरील पत्राचे इंग्रजी भाषांतर १६८९ चे. पटवणे वेगळे, आज्ञा करणे वेगळे, हा त्याच्या युक्तिवादाचा कणा आहे. दंडाने माणसाची कृती बदलेल, मनातली श्रद्धा बदलणार नाही. म्हणून तो प्रांत शासनाचा नव्हे. पण आज्ञा आणि युक्तिवाद यांच्यामध्ये एक मोठा करडा पट्टा आहे. तिथे आई-वडील असतात, हितचिंतक असतात, ज्यांचा शब्द मोडवत नाही अशी माणसे असतात. त्याबद्दल लॉकच्या या भेदातून फारसे हाती लागत नाही. तो पट्टा नीट पाहिला तो एका कादंबरीकर्तीने.

जेन ऑस्टिनची 'पर्स्वेशन' तिच्या मृत्यूनंतर, १८१७ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाली. मुखपृष्ठावर साल १८१८ चे होते. अ‍ॅन एलियट एकोणीस वर्षांची असताना नौदलातल्या फ्रेडरिक वेंटवर्थशी ठरलेले लग्न मोडते. वडिलांची नाराजी तिने कदाचित सोसली असती, पण आईच्या जागी असलेल्या लेडी रसेलचा सल्ला तिला डावलता येत नाही. या ठिकाणी ऑस्टिनची वाक्यरचना पाहण्यासारखी आहे. हे लग्न म्हणजे चूक आहे असे मानायला अ‍ॅनला 'पर्स्वेड' केले गेले, असे ती लिहिते. प्रयोग कर्मणी, आणि कर्त्याचे नाव त्या वाक्यात नाही. शिवाय राजी केले ते कृतीला नव्हे, मानायला. 'कन्व्हिन्स विचारासाठी, पर्स्वेड कृतीसाठी' हा पुढे पाठ्यपुस्तकांत आलेला नियम इथे साफ कोलमडतो. तो कोलमडतो म्हणूनच प्रसंग खरा वाटतो. अ‍ॅनला पटले होते की तिने ऐकले होते, हे तिलाही आठ वर्षे वेगळे करता येत नाही.

याच काळच्या सभ्य बोलण्यात 'आय अ‍ॅम पर्स्वेडेड' म्हणजे 'माझी खात्री आहे' एवढाच अर्थ होता. कुणी खात्री पटवली, हा प्रश्नही कुणी विचारत नसे. कादंबरीच्या नावात हे दोन्ही अर्थ आहेत. (हे नाव तिने स्वतः दिले नसावे, भाऊ हेन्रीने दिले असावे, असे पुष्कळ अभ्यासक मानतात.)

वेंटवर्थला आठ वर्षे राग आहे तो याच मऊपणाचा. म्हणून लुइझा मस्ग्रोव्ह जेव्हा ठासून सांगते, की मी अशी सहजासहजी कुणाचे ऐकणारी नाही, तेव्हा त्याला ते आवडते. मग लाइमच्या धक्क्यावरचा प्रसंग येतो. लुइझा पायऱ्यांवरून दुसऱ्यांदा उडी मारायला निघते. तो समजावतो, ती ऐकत नाही, आणि दगडी फरशीवर बेशुद्ध पडते. तिथे त्याचे समजावणे वाया गेलेले आहे, सॅलेरिओच्या वीस व्यापाऱ्यांसारखे. अखेरीस अ‍ॅन त्याला जे सांगते त्याची धार विलक्षण आहे. सल्ला चुकीचा असेलही, पण तो ऐकण्यात आपले चुकले नाही. आपण मान तुकवली ती धोक्याच्या बाजूने ओढणाऱ्या आग्रहापुढे नव्हे, सुरक्षिततेच्या बाजूने ओढणाऱ्या आग्रहापुढे. अनेक वाचक इथे चिडतात. मीही पूर्वी चिडत असे. वर्गात एकदा या कादंबरीच्या नावाला मराठी प्रतिशब्द शोधत होतो. 'मनधरणी' चालेना, 'समजूत' अपुरे पडले. मागच्या बाकावरून एक विद्यार्थिनी म्हणाली, 'भीड.' तो प्रतिशब्द नव्हता, पण अ‍ॅनला काय झाले होते ते त्या एका शब्दात आले होते.

आग्रहाच्या कमी प्रतिष्ठित क्रियापदांचा इतिहास थोडक्यात आटपतो. 'कोक्स'चे मूळ मूर्ख या अर्थाच्या एका जुन्या नामात. 'कजोल' फ्रेंचमधून आले. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या कोशात दोन्हींना हलके शब्द म्हणून शेरा मारला आहे. 'इन्ड्यूस'चे नशीब वेगळे निघाले, ते कायद्यात शिरले. १८६० च्या भारतीय दंड संहितेतल्या फसवणुकीच्या व्याख्येत, म्हणजे कलम ४१५ मध्ये, ते होते; २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्येही आहे. कर्मणी प्रयोगाआड लेडी रसेलला लपता आले, तसे या कलमाखाली कुणाला लपता येत नाही. कायद्याला कर्ता लागतो.

उरला तो पाठ्यपुस्तकी नियम. 'कन्व्हिन्स'पुढे 'टू' लावून कृती सांगण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत बळावली आणि शुद्धतावाद्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे संपादक थिओडोर बर्नस्टाइन यांनी १९६५ च्या 'द केअरफुल रायटर'मध्ये हा प्रयोग निषिद्ध ठरवला. आज तो इतका रुळला आहे, की वृत्तपत्र उघडावे आणि सापडावा. गंमत अशी, की मुळात जिंकणे सांगणाऱ्या क्रियापदाला 'केवळ मनातली खात्री' या चौकटीत कोंडण्याचा हा खटाटोप होता. 'पर्स्वेड' मात्र पूर्वीपासून खात्रीलाही चालत आले आहे. नियम अर्धाच खरा आहे, आणि मी तो कित्येक वर्षे पुरा शिकवला.

यंदाही ते वाक्य भेटलेच. लाल रेघ ओढली, कारण आजचे इंग्रजी आजच्या रीतीनेच लिहायला हवे. समासात 'ट्राइड टू' असे लिहिले. अर्धा गुण मात्र कापला नाही.