पॉझिट्रॉन उत्सर्जन टोमोग्राफी

पॉझिट्रॉन उत्सर्जन टोमोग्राफी (संक्षेप: पेट) ही अणुवैद्यकातील एक प्रतिमाचित्रण पद्धत आहे. क्ष-किरण किंवा सीटी स्कॅनमधून अवयवांची रचना दिसते, तर पेटमधून पेशींचे कार्य, विशेषतः चयापचयाचा वेग कळतो. कर्करोगाचे निदान, त्याचा प्रसार आणि उपचारांचा परिणाम पाहण्यासाठी ती प्रामुख्याने वापरली जाते.

तत्त्व

तपासणीसाठी बहुधा फ्लुओरोडीऑक्सिग्लुकोज (एफडीजी) हे औषध शिरेवाटे देतात. ग्लुकोजच्या रेणूतील एका हायड्रॉक्सिल गटाच्या जागी किरणोत्सर्गी फ्लुओरिन-१८ बसवून ते तयार होते. पेशी ते साखरेप्रमाणे आत घेतात. मात्र त्याचे पुढे विघटन होत नसल्याने ते तेथेच साचते. बहुतेक कर्कपेशी ग्लुकोज अधिक वापरत असल्याने त्यांच्यात ते जास्त जमा होते.

फ्लुओरिन-१८च्या अणुकेंद्रातून पॉझिट्रॉन, म्हणजे धनभारित प्रति-इलेक्ट्रॉन, बाहेर पडतो. अत्यल्प अंतरावर त्याची इलेक्ट्रॉनशी गाठ पडते. दोन्ही कण नष्ट होऊन प्रत्येकी ५११ किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे दोन गॅमा फोटॉन जवळजवळ विरुद्ध दिशांना निघतात. रुग्णाभोवतीच्या वर्तुळाकार शोधकांपैकी दोहोंनी ते जवळजवळ एकाच क्षणी टिपल्यास, उगमबिंदू त्यांना जोडणाऱ्या रेषेवर असल्याचे मानले जाते. अशा असंख्य रेषांवरून संगणक त्रिमितीय प्रतिमा तयार करतो. सीटीची जोड दिल्यास औषध नेमके कोणत्या अवयवात साचले हे समजते.

औषधाची निर्मिती

फ्लुओरिन-१८ सायक्लोट्रॉनमध्ये ऑक्सिजन-१८युक्त पाण्यावर प्रोटॉनांचा मारा करून मिळवतात. त्याचे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटे असते. मुंबईत तयार झालेले औषध पुण्यास पोहोचण्यास तीन तास लागल्यास मूळ किरणोत्सर्गाच्या सुमारे एक तृतीयांशच उरतो. त्यामुळे सायक्लोट्रॉन रुग्णालयांपासून फार दूर असून चालत नाही.

भारतात

भारतातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पेट सुविधा २००२ मध्ये मुंबईतील परळ येथे, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या विकिरण वैद्यक केंद्रात सुरू झाली.

मर्यादा

मेंदूत एफडीजी नैसर्गिकरीत्याच अधिक साचते, तर मूत्राशयात ते उत्सर्जनामुळे आढळते. क्षयरोग व इतर दाहजन्य विकारांतही संबंधित भाग प्रतिमेत उठून दिसतो. भारतात क्षयरोगाचे प्रमाण मोठे असल्याने ही बाब विशेष महत्त्वाची ठरते. असा प्रत्येक भाग कर्करोगाचा नसतो. अनेकदा निदानाची खात्री ऊतीचा नमुना तपासूनच करावी लागते.