लेस्टरची लूट आणि घोडदळाची शिस्त

मंडळी, आपल्या न्यूआर्क हाऊसेस संग्रहालयाच्या बागेत गेलात तर जुन्या भिंतीतली भोके मुलांना जरूर दाखवा. राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्या यादवी युद्धात ती बंदुकांसाठी पाडली होती.

३० मे १६४५ रोजी राजपुत्र रूपर्टच्या तोफांनी न्यूआर्कची तटबंदी फोडली. मध्यरात्री राजाची फौज आत शिरली आणि गाव लुटले गेले.

१४ जूनला वीसएक मैलांवर नेझबी येथे दोन्ही फौजा भिडल्या. रूपर्टच्या स्वारांनी समोरची फळी मोडली. पण पाठलागाच्या भरात ते थेट शत्रूच्या सामानगाड्यांपर्यंत गेले. दुसऱ्या बगलेवर क्रॉमवेलचे घोडदळ होते, त्यात कर्नल व्हॅलीची रेजिमेंट. त्यांनीही समोरचे स्वार उधळले. मात्र क्रॉमवेलने बहुतेकांना आवरून राजाच्या पायदळावर वळवले. तिथेच निकाल लागला. १८ जूनला लेस्टर पार्लमेंटच्या हाती आले.

पण याच विजयी फौजेने नेझबीनंतर राजाच्या छावणीतल्या बायकांची कत्तल केली. रणांगणावरची शिस्त तिथे उपयोगी पडली नाही. १६७३ मध्ये शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या आपल्या घोडदळाला पत्र लिहून, रयतेला उपद्रव देऊ नका, अशी ताकीद दिली होती. ती का द्यावी लागली, हे लेस्टरच्या या भिंतीपाशी उभे राहिले की समजते.