साथीच्या काळांतील कर्करोगी

महामारीचा इतिहास लिहिणारे साथीनें ज्यांना गांठलें त्यांची गणना करितात. परंतु साथ ज्यांना शिवलीहि नाहीं आणि तरी तिच्यामुळें ज्यांचे उपचार थांबले, त्यांची नोंद कोणत्या वहींत करावयाची? १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या वेळीं कर्करोग्यांपुरता हा प्रश्न आपल्याकडे फारसा उद्भवलाच नाहीं. थांबावी अशी उपचारांची व्यवस्थाच तेव्हां जवळजवळ नव्हती. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या, सर दोराबजी पुढच्याच वर्षीं निवर्तले, आणि त्यांच्या विश्वस्तनिधीच्या द्रव्यांतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय सुरू झालें.

या रुग्णालयाकडे अर्धा देश आगगाडीनें येतो. कर्करोगाचा उपचार एका खेपेंत उरकत नाहीं. किरणोपचार आठवड्यांतून पांच दिवस, असे कित्येक आठवडे चालतात. केमोथेरपीची पाळी बहुधा दर तीन आठवड्यांनीं येते. ज्याला ऐपत आहे तो खोली घेतो. बाकीचे दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेंत जागा पाहतात, आणि तीहि न मिळाल्यास रुग्णालयासमोरची पदपथाची फरशी आहेच. २२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीं लोकलगाड्या व उतारूंच्या लांब पल्ल्याच्या गाड्या थांबविण्यांत आल्या आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. मुंबईंत असलेले रोगी मुंबईंत अडकले. गांवीं असलेले गांवींच राहिले.

वैद्यांपुढील पेंच निराळाच होता. केमोथेरपीनें रोगप्रतिकारशक्ति क्षीण होते, आणि कर्करोग्यांना कोविड अधिक जड जातो असें चीनमधून आलेले पहिले वृत्तान्त सांगत होते. परदेशांतील कित्येक रुग्णालयांनीं शस्त्रक्रिया पुढें ढकलल्या. परळच्या शल्यवैद्यांनीं त्या चालू ठेविल्या. २३ मार्च ते ३० एप्रिल या अवधींत तेथें ४९४ नियोजित शस्त्रक्रिया झाल्या व त्यांनंतर एकहि रोगी दगावला नाहीं. या निर्णयाला लागलेल्या धैर्याचें मोल अद्याप आपल्याकडे पुरतें झालेलें नाहीं असें मला वाटतें.

पण दार उघडें असणें निराळें आणि दारापर्यंत पोंचणें निराळें. नॅशनल कॅन्सर ग्रिडमधील ४१ केंद्रांचे मार्च ते मे या तीन महिन्यांचे आंकडे पाहावे. २०१९ मध्यें नवे रोगी १,१२,२७० आले होते, २०२० मध्यें ५१,७६०. मोठ्या शस्त्रक्रिया १७,१२० वरून ८,६७७ वर आल्या. किरणोपचार घेणारे मात्र शेंकडा २३ नींच घटले. हा फरक कां पडावा? ज्याचे किरणोपचार चालू होते तो बहुधा आधींच रुग्णालयाजवळ मुक्कामाला होता. ज्या बाईच्या हाताला त्या मार्चमध्यें प्रथम गांठ लागली, ती घरींच होती. ही घट लहान शहरांपेक्षां महानगरांत अधिक होती, यावरूनहि हेंच दिसतें कीं, रोग्याला भयानें जितकें अडविलें असेल, तितकेंच अंतरानेंहि अडविलें.

त्या तीन महिन्यांत साठ हजारांहून अधिक नवे रोगी कमी आले. तितक्यांना रोग झालाच नाहीं असें कोणीहि म्हणणार नाहीं. शस्त्रक्रियेस दर चार आठवड्यांचा विलंब झाला कीं मृत्यूचा धोका शेंकडा ६ ते ८ नें वाढतो, असें २०२० सालींच ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें प्रसिद्ध झालें. त्यांतले कांहीं पुढें आले, गांठ वाढवून आले. कांहीं आलेच नसतील. अशांच्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून कर्करोग एवढेंच लिहिलें गेलें असणार.