भयाच्या काळातला आसरा

वाशिमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे अनसिंग हे शृंगऋषींचे ठिकाण म्हणून ओळखले जाते. रामायणाच्या बालकांडात त्यांची, म्हणजे ऋष्यशृंगाची, कथा आहे. अंगदेशात पाऊस थांबला, तेव्हा राजा रोमपादाने या ऋषीला आपल्या राज्यात आणवले आणि त्याचे पाऊल पडताच पर्जन्यवृष्टी झाली. ही कथा कोणत्या भूमीवर घडली, हा वाद इथे बाजूला ठेवू. आभाळाकडे डोळे लावून शेती करणाऱ्या या कोरडवाहू मुलखाने आपल्या गावाशी पाऊस आणणाऱ्या ऋषीचेच नाव जोडले, हे मोलाचे आहे. गावाला धास्ती कशाची होती, ते त्यातून कळते. माझे म्हणणे असे की, भयाच्या काळात वऱ्हाडातला माणूस देवाला शरण गेला, तेव्हा त्याने आपली एकट्याची भीती साऱ्या गावाच्या हवाली केली. त्या शरणागतीचे खरे बळ यातच होते.

या भीतीला कारणेही तशीच होती. अठराव्या शतकात वऱ्हाडावर निजाम आणि नागपूरकर भोसले यांचा दोअमली कारभार चाले आणि रयतेला दोघांचाही वसूल भरावा लागे. पुढे २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोल्याच्या उत्तरेला अडगावची लढाई झाली आणि त्याच सुमारास दुष्काळही पडला. लुटारूंपासून जीव वाचवायला गढीच्या भिंती होत्या. पण दुष्काळ आणि पटकी यांना भिंत अडवू शकत नव्हती. वाशिमच्या बालाजीची परंपरा अशाच भयाची साक्ष देते. मूर्तिभंजनाच्या भीतीने मूर्ती जमिनीत पुरल्या होत्या, त्या पुढे सापडल्या आणि भोसल्यांचे सरदार भवानी काळू यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांचे मंदिर उभारले, असे सांगतात. ज्या देवाचा आसरा मागायचा, त्याचाच जीव आधी भक्तांनी राखला. अशी श्रद्धा माणसाला हातपाय गाळून बसायला शिकवत नाही.

आल्फ्रेड लायल पश्चिम वऱ्हाडाचे आयुक्त होते. १८७० चे वऱ्हाडचे गॅझेटियर त्यांनीच संपादले. इथल्या धर्मावर त्यांनी बारकाईने लिहिले. रोग, मृत्यू आणि दैवी कोप यांच्या धाकातून गावोगावी नवी दैवते कशी उभी राहतात, हे त्यांनी नोंदवले. त्यांचे निरीक्षण खरे आहे, पण अपुरे आहे. माणूस भीतीने देवाकडे जातो हे मान्य. तिथे पोचल्यावर तो काय करतो, हेही पाहिले पाहिजे. पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा शिवेपार नेत. पाऊस लांबला की पोरे धोंडी मागत घरोघर फिरत आणि महादेवाची पिंड पाण्यात बुडवत. या प्रत्येक विधीला वर्गणी लागे, माणसे लागत, घराबाहेर पडावे लागे. दार लावून कण्हत बसण्याची सोयच त्यात नव्हती.

आक्षेप उघड आहे: देवाने पाऊस पाडला का? १८९९-१९०० चा दुष्काळ वऱ्हाडाला झोडपून गेला. १८९१ मध्ये सुमारे २९ लाख असलेली प्रांताची लोकसंख्या १९०१ मध्ये साडेसत्तावीस लाखांवर आली. पटकीवर स्वच्छ पाणी आणि औषध हाच इलाज आहे, दुष्काळात धान्य आणि काम हवे. श्रद्धेने त्यांची जागा घेऊ नये आणि कोणी घेऊ पाहील तर त्याला अडवले पाहिजे. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. गावासाठी मरीआईची सेवा करणाऱ्या महार समाजालाच मोठ्या देवळांची दारे बंद होती. तो अन्याय होता आणि तो झाकून हा इतिहास सांगणे अप्रामाणिक ठरेल. पण दोन्ही आक्षेपांचा रोख आसरा अपुरा असण्यावर आहे. आसऱ्याची गरज त्यांनी खोटी ठरत नाही.

ती गरज आजही आहे. २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधानांचे मदत पॅकेज मिळालेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांत वाशिमही होता. आजचा शेतकरी कर्जाची भीती एकटाच उराशी धरून बसतो, कारण ती चारचौघांत सांगायची त्याला लाज वाटते. मरीआईच्या गाड्यामागे चालणाऱ्याला ती लाज नव्हती. त्याचे भय सगळ्यांनाच ठाऊक होते. म्हणून सप्ताह आणि भंडारे करणाऱ्या गावांना एवढेच सांगणे आहे: वर्गणी गोळा करताना ज्या घरात नापिकी झाली आहे, त्या घरी आधी जा, वर्गणी मागू नका, विचारपूस करा आणि त्याच्या कर्जाचा विषय सभामंडपात बसून सोडवा.